घर हललं, चला

बाबांच्या फोनमधून कोंबडा आरवला, ही पहिली खटकलेली गोष्ट.

तेव्हा आमची गाडी खारघरच्या सिग्नलला अडकली होती. फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार, होळी आठवड्यावर आलेली, दिवेलागण नुकती होऊन गेलेली. कोंबड्याची ती वेळ नव्हती. आणि बाबा होते ती कोंबड्याची जागाही नव्हती. ते विमानातून उतरून नव्या विमानतळाच्या दारात उभे होते.

"उतरलो गं," ते म्हणाले. आवाज खूश होता.

"बाबा, तिथेच थांबा हं. त्या मदतीच्या मुलीला सोडू नका. आम्ही पोचतोच आहोत."

"आल्यात ना. घ्यायला आल्यात."

"कोण आल्यात?"

"आपल्याच आहेत," बाबा म्हणाले, आणि त्यांच्यामागे तो आरवला. एकदाच, लांबलचक, पहाटे आरवतो तसा. मग फोन बंद झाला.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुकरच्या शिट्टीलाही मी दचकते. कॉलेजात मैत्रिणी मुद्दाम मागून यायच्या. त्यामुळे 'ऋचाला वाटलं असेल' असं तुम्ही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या सीटवर तुळशीरामकाका होते, आणि ते भित्रे नाहीत. त्यांना विचारा. सांगणार नाहीत म्हणा. हल्ली मी विषय काढला की ते गाडी पुसायला घेतात.

काका आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीखाली गाडी लावतात. विमानतळात ज्यांची गावं गेली त्यांपैकी ते एक. आलेल्या पैशांत पोरांनी बंगला बांधला, काकांनी गाडी घेतली, आणि पोरं नको नको म्हणत असताना स्वतःच भाडी मारतात. "बंगल्यात बसून काय करू? मासे पकडू?" असं म्हणतात.

आम्ही खरं तर मुंबईच्या जुन्या विमानतळाकडे निघालो होतो. बाबा नागपूरला आत्याकडे महिनाभर होते. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हवामानासारखी रोज बातमी असते, आज अमुक विमान इकडे आलं, तमुक तिकडेच राहिलं, उद्यापासून हा रस्ता बंद, परवापासून तो पूल चालू. बाबांचं विमान त्याच आठवड्यात इकडे हलवलं होतं. तसा निरोप आत्याच्या फोनवर आला होता, तिने तो जाहिरात समजून पुसून टाकला. मी सहज म्हणून वेळ बघायला गेले, तर आगमनाच्या पुढे आमच्या घराजवळचं नाव.

काकांना हसू आवरेना. "म्हंजे तुजा बाप माज्या गावावर उतरतो हाय! आनि आपून त्याला आनायला मुंबईला चाललोय!"

त्यांनी गाडी वळवली. तेव्हा मीही हसले होते.

पण कोंबड्यानंतर हसू येईना. बाबांचं विसरणं दीड वर्षापूर्वी सुरू झालं. आधी नावं गेली, मग वस्तू. फ्रिजला ते 'गार कपाट' म्हणतात. परवा जिन्यात उभं राहून आईला विचारत होते, आपला मजला कोणता? आई त्यांना एकटं विमानात बसवायला तयारच नव्हती. मीच भांडले. म्हटलं, मदतीला माणूस मागता येतो, दारापासून दारापर्यंत. त्यांना डांबून ठेवलंस तर लवकर विसरतील. आई एवढंच म्हणाली, "ठीक आहे. पण काही झालं, तर यापुढे ते एकटे उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत. आणि ते तूच त्यांना सांगायचंस." दुपारी तिचा फोन आला तो मऊ होता. "येताना नारळ घेऊन ये गं. ते सुखरूप आत आले की फोडू."

नारळ माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. बाबांना लावलेले सगळे फोन मी त्या पिशवीवर कोपर टेकून केले. रिंग जात होती. कुणी उचलत नव्हतं.

"वाजतोय ना? मंग झालं," काका म्हणाले. "फोन खिशात असंल. गर्दीत ऐकू नाय येत."

"काका, मागे कोंबडा आरवला."

"कुठं?"

"बाबांच्या मागे. विमानतळावर."

काकांनी काच वर घेतली. आम्ही बेलापूर मागे टाकून उलव्याच्या रस्त्याला लागलो होतो. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. नारिंगी अडथळे, लुकलुकणारे बाण, 'पर्यायी मार्ग' लिहिलेली पाटी, आणि तिच्याखाली रांगेत थांबलेल्या गाड्या. डोक्यावरून एक विमान इतकं खाली गेलं की काचा थरथरल्या.

"कोनी बाई आली म्हनाला का तो?" काकांनी विचारलं.

मी मान वळवून बघितलं. मी ते त्यांना सांगितलं नव्हतं.

"आपल्याच आहेत म्हणाले. तुम्हाला कसं...?"

"असंच." त्यांनी हँडब्रेक ओढला. गाड्या हलत नव्हत्या. "बाय, तू भितेस. तुला नाय सांगनार."

"आता नाही सांगितलंत तर जास्त भीन."

ते पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहिले. मग, एखाद्या वारलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं, सावकाश बोलू लागले.

"माज्या शेजारची हौसाबाय. आमच्या दोगांच्या घरात एकच भिंत व्हती. तिचा नियम काय, तर गावात कोनीबी लांबून आला, मुंबईवरनं नायतर गल्फवरनं, की ही भाकरीचा तुकडा नि पान्याचा तांब्या घेऊन भायेर. ओवाळून टाकल्याबिगर आत नाय येऊ द्यायची. बरं, आपल्याच घरचा पाव्हना पायजे असं नाय. दुसऱ्याच्या घरचाबी. आमी चिडवायचो, हौसाबाय, टोलनाका टाक."

"आमची आजीसुद्धा ओवाळायची," मी म्हटलं. बोलत राहिलं की बरं वाटत होतं.

"मंग आमाला गाव खाली करायला तारीक आली. आमच्याकडं रीत हाय. घर हलवायचं तर नुसतं सामान नाय हलवायचं. घरातल्या करत्या मानसानं उंबऱ्यात उभं ऱ्हायचं, हातात नारळ धरायचा, आनि घरातली जी गेलेली मानसं असतात ना, त्यांना एकेकाला नावानं हाक मारायची. बाबा चला, घर हललं. आजे चला, घर हललं. नारळ जड झाला की समजायचं, आली मानसं. मंग निघायचं. मागं बघायचं नाय. नव्या घरी जाऊन नारळ फोडायचा."

"आणि नाही आली तर?"

"येतात. हाकेला 'ओ' देनार नाय असा मेलेला मानूस मी नाय बघितला." ते स्वतःच्याच बोलण्यावर किंचित हसले. "आख्खं गाव हाका मारीत व्हतं त्या सकाळी. ढोलबिल नाय, रडनं नाय. नुसत्या हाका. हौसाबायच्या लेकानंबी मारल्या. आज्याला, बापाला, लहानपनी गेलेल्या बहिनीला. आनि ट्रक भरून गेला."

"आणि हौसाबाई?"

"ती पनवेलला दवाखान्यात व्हती. दम लागायचा. लेकानं ठरवलं, बरी झाली की थेट नव्या घरी नेऊ. नवं घर तिनं बघितलंबी नव्हतं." काकांनी स्टीअरिंगवर हात पुसला. "त्याच राती गेली."

गाड्या थोड्या सरकल्या. आम्ही सरकलो. पुन्हा थांबलो.

"जित्या मानसाला कोन हाक मारील, सांग? तिला कोनीच बोलावली नाय. आनि मेल्यावर मानूस जातं कुठं? घरीच जातं. ती आपली जुन्या घरी गेली. दोन दिवसांनी घर पाडलं. मंग डोंगर कापला. मंग नदी वळवली. आमचं घर कुठं व्हतं ते आता मलाबी नाय सांगता येत. डोंगराची खूनच ऱ्हायली नाय, तर घराची कशी सांगू?"

"मग नंतर बोलवायचं ना तिला."

"गेलावता ना लेक. पत्र्याचं कुंपन. पास पायजे. भायेरनंच हाका मारल्या त्यानं, घसा बसंपर्यंत. आतमंदी सुरुंग, डंपर... त्यात कुनाला ऐकू जानार? मंग तोबी तीन-चार वर्सांत गेला."

मी बाबांना पुन्हा फोन लावला. रिंग गेली. जात राहिली.

"विमानं चालू झाली तवापासून," काका हळू म्हणाले, "आमचे गाडीवाले बोलतात. दाराशी एक म्हातारी असते म्हनं. काय करत नाय बिचारी. ओवाळते नि वाट देते. मानसं पुढं जातात, कारन त्यांना ठावं असतं कुठं जायचंय."

त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. ज्याला ठाऊक नसतं, त्याचं काय, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

विमानतळावर पोचलो तेव्हा पूर्ण अंधार होता, म्हणजे विमानतळाबाहेर. आत दिवसासारखा उजेड. प्रवासी घ्यायची जागा बदललेली, बाणांच्या पाट्या तात्पुरत्या, गाडी उभी करू देईनात. "तू जा, मी फेरी मारून येतो," काका म्हणाले. मी नारळाची पिशवी तशीच घेऊन पळाले.

मदत कक्षाशी निळ्या गणवेशातली एक मुलगी होती. छातीवर नाव, प्राची. मी बाबांचा फोटो दाखवला.

"हो, सर! मीच आणलं ना त्यांना बाहेर. पण त्यांची फॅमिली आली होती, मॅडम."

"फॅमिली मी आहे."

तिचा चेहरा उतरला. "आजी होत्या एक. नऊवारीतल्या. मी विचारलं, आजी, कोण पाहिजे? म्हणाल्या, माझं माणूस आलंय. आणि सर पण ओळखीचं हसले."

"सर सगळ्यांकडे बघून हसतात," मी म्हटलं. मी फोटो पुन्हा तिच्यासमोर धरला.

"त्यांनी ओवाळलंसुद्धा, मॅडम. भाकरी होती काहीतरी. पायावर पाणी घातलं. मी म्हटलं, आजी इथे नका सांडू, कुणी घसरेल. म्हणून पुसायला माणूस बोलवायला गेले. परत आले तर..." तिने बोटाने दाखवलं. "तिकडे गेले असतील. पण तिकडे रस्ता नाहीये. काम चालू आहे."

पलीकडे इमारत संपत होती आणि पत्र्यांची भिंत सुरू होत होती. मी चालू लागले. फोन कानाला. रिंग जात होती. एका पत्र्याच्या आणि दुसऱ्या पत्र्याच्या मधे फट होती, माणूस आडवा होऊन जाईल एवढी.

फटीपाशी ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी. एकाच माणसाचे, लहान लहान. बाजूने बाबांच्या बुटांचे.

मी आत गेले.

आत मोकळी जागा होती. मातीचे ढीग, सळ्यांचे भारे, लांब कुठेतरी एक पिवळा दिवा. आवाज नव्हता. एवढ्या मोठ्या विमानतळाला लागून, आणि आवाजच नव्हता... चुलीच्या धुराचा वास मात्र होता.

आधी मला बाबांचे बूट दिसले. नुसत्या मातीत, शेजारी शेजारी, नीट जोडून ठेवलेले. दाराबाहेर ठेवावेत तसे. दार नव्हतं.

त्यांच्यापलीकडे बाबा. मांडी घालून, ताठ बसलेले. पंगतीत बसावं तसे. मोजे ओले.

"बाबा!"

त्यांनी वळून बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "अगं, चपला काढून ये की."

"बाबा, उठा. चला."

"चपला काढ आधी. लोक काय म्हणतील?"

त्यांच्याशी वाद घातला की ते बिथरतात. मी चपला काढल्या. त्यांच्या बुटांशेजारी ठेवल्या, अगदी सवयीने, नीट जोडून. आणि दोन पावलं पुढे गेले. पायाखाली माती नव्हती. थंड, गुळगुळीत, नुकतं सारवलेलं काहीतरी होतं. मी खाली बघितलं नाही.

"जेवलो मी," बाबा म्हणाले. "ही तुझ्यासाठी ठेवली. खा. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

तांदळाची भाकरी होती, चतकोर. ते कधीपासून मला असं काही म्हणाले नव्हते. आपली मुलगी जेवली का, हे त्यांच्या लक्षात आलं म्हणून माझे डोळे भरून आले, आणि मी, काही विचार न करता, एक घास तोडून तोंडात टाकला.

भाकरी गरम होती.

"कुणी दिली, बाबा?"

"त्या आजींनी. फार चांगल्या आहेत. मला म्हणाल्या, घर कुठं तुझं? मी म्हटलं, आठवत नाही हो आजी. तर त्या म्हणाल्या..." बाबा थांबले. आठवायचा प्रयत्न करताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. "त्या म्हणाल्या, मला पन नाय ठावं. मग बसलो दोघं."

"फोन कुठे आहे तुमचा?"

"त्यांना दिला. त्यांना कुणीतरी बोलवायचं राहिलंय म्हणे. मी म्हटलं, ठेवा, येईल फोन."

मी त्यांना उठवलं. कसं ते सांगता येणार नाही. बूट एका हातात, बाबा दुसऱ्या हातात, पिशवी दंडात. फटीतून बाहेर आल्यावर सगळे आवाज एकदम कानावर कोसळले. प्राची धावत आली, काहीतरी विचारत होती. काकांची गाडी कडेला होती. मी बाबांना मागे बसवलं, पट्टा लावला, आणि पुढे येऊन बसले. माझ्या मुठीत ती भाकरी अजून होती.

काकांनी ती बघितली.

"खाल्लीस?"

"...एक घास."

त्यांनी गाडी सुरू केली आणि मागची दारं आतून उघडणार नाहीत असं बटण दाबलं.

आम्ही पनवेलच्या बाजूला लागलो. मी आईला कळवलं, मिळाले, येतोय. तिने फोनवरच देवाचं नाव घेतलं. मी श्वास सोडला. आता काही नाही, असं मनात म्हणाले. अगदी तेव्हाच मागून खट् आवाज आला.

बाबा दाराची कडी ओढत होते.

"बाबा, काय करताय?"

"घर मागे राहिलं."

"आपण घरीच चाललोय. आई वाट बघतेय."

"कोण आई? घर मागे राहिलं माझं. ताट तसंच आहे." खट्. खट्. "गाडी थांबवा हो. अहो ड्रायव्हर. मला घरी जायचंय." आणि मग ते रडू लागले. मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही.

"बाबा, मी ऋचा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांकडे बघून हसतात तसं हसले. ओळख नव्हती त्या हसण्यात.

काकांनी गाडी कडेला घेतली. उजव्या बाजूला पत्र्याचं कुंपण अजून आमच्याबरोबर चालत आलेलं होतं. थोडं पुढे ते संपत होतं.

"अजून गावातच हाव आपून," काका म्हणाले. "त्या तिथं आमची वेस व्हती. अंदाजानं."

"काका, चला ना. घरी गेलं की बरे होतील."

"नाय व्हनार." त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "बाय, तुजा बाप सगळं इसरतो. पन जेवलेलं घर नाय इसरनार. उद्या उठून हिकडं चालत येईल. परवा येईल. किती दिस कडी लावशील?"

मागे खट्. खट्.

"मग काय करू?"

"तिला बोलाव."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"आमचं नवं गाव वाटेतच हाय. तिला तिच्या घरी सोडू. मंग ह्यो सुटंल. पन ती बोलावल्याबिगर नाय येनार."

"तुम्ही बोलवा! तुमच्या शेजारची ती."

"मी कितीदा बोलावली. कुंपनाशी गाडी लावून, एकलाच. मी तिच्या घरातला नाय."

"मी तरी कुठे आहे घरातली?"

काकांनी माझ्या मुठीकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे. मी अनवाणी होते. चपला तिथेच राहिल्या होत्या, बाबांच्या बुटांनी मोकळ्या केलेल्या जागेशेजारी, नीट जोडून.

"चपला काढून आत गेलीस. जेवलीस. आनि काय ऱ्हायलं?"

त्यांनी पिशवीकडे बोट केलं.

"नारळ कुनी दिला तुला?"

"आईने आणायला सांगितला. बाबांसाठी."

"बरं झालं. काढ. दोनी हातांत धर."

मी पिशवीतून नारळ काढला. काकांनी हात वर करून आरसा फिरवला, छताकडे. आता मागचं काही दिसत नव्हतं.

"मागं बघायचं नाय," ते म्हणाले. "काय बी झालं तरी. तू दचकतेस. सीटला डोकं टेकव आनि समोर बघ."

मी डोकं टेकवलं. फोन मांडीवर ठेवला, आवाज मोठा केला, आणि बाबांचा नंबर लावला. संध्याकाळपासून लावत होते तसाच.

रिंग गेली.

गेली.

गेली.

मागे बाबांनी कडी सोडली. ते ऐकत होते.

रिंग थांबली. पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागले. एक. दोन. कुणीतरी उचलला होता.

"हॅलो?"

काही नाही. नुसती शांतता, पण मोकळी नाही... घरातली. कुठेतरी लांब जात्याची घरघर. ती थांबली. कुणीतरी फोनजवळ आलं होतं. श्वास ऐकू येत होता, दम लागलेल्या माणसाचा, तुटक.

काकांनी दोन्ही हात जोडले होते. त्यांचे ओठ हलत होते. बोल. बोल.

"हौसा..." मी नारळ घट्ट धरला. "हौसाआजी."

श्वास थांबला.

"आजी... चला. घर हललं."

काही नाही.

समोर रस्ता. कुंपणाचा शेवट. एक गाडी आमच्या बाजूने निघून गेली. तिचा उजेड आत आला आणि गेला.

"हौसाआजी, चला. घर हललं. तुमचं माणूस न्यायला आलंय."

फोनमध्ये आता काहीच नव्हतं. श्वासही नाही. सेकंद मात्र पुढे सरकत होते.

मग नारळ जड झाला.

हळूहळू नाही. एकदम. माझे हात मांडीवर आपटले. मागची सीट किंचित खाली दबली, उजवीकडे, बाबांच्या शेजारी, जिथे कुणी नव्हतं. चुलीचा धूर. ओलं लुगडं. बाबा सरकून बसले, कुणाला तरी जागा करून द्यावी तसे, आणि एक मोठा, सुटल्यासारखा सुस्कारा टाकून म्हणाले, "ऋचा, आईला सांग गं, पोचतोय."

मी मागे बघितलं नाही. देवाशपथ नाही बघितलं.

माझ्या मानेच्या अगदी मागून, थकलेल्या, खूप दिवसांनी तोंड उघडलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"ओ..."